पाण्याची वाट खालून वर तपासा : साताऱ्यातल्या पहिल्या पावसाळ्याआधी घरची कामं

साताऱ्यात पाऊस किती पडतो, या प्रश्नाला एक उत्तर नाही. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटर पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. सातारा शहर या दोन टोकांच्या मधे कुठंतरी येतं, आणि शहरातही पश्चिमेच्या डोंगराला तुम्ही जितके जवळ, तितका पाऊस जास्त. त्यामुळं पुण्याहून बदली होऊन आलेला माणूस असो की निवृत्तीनंतर गोडोलीला किंवा शाहूपुरीत बंगला घेतलेलं जोडपं, पहिल्या जूनमध्ये सगळ्यांची एकच धांदल उडते. पत्र्याच्या कडेवरून पाणी भिंतीवर कोसळतं, गच्चीवर तळं साचतं, हॉलच्या कोपऱ्यात ओल उतरते आणि मग कोणीतरी घाईघाईनं छतावर चढतं.

माझं सांगणं असं की, छतावर सगळ्यात शेवटी जा. पाणी वरून खाली येतं, पण तपासणी खालून वर करायची. पाइपचं खालचं तोंड बुजलेलं असताना तुम्ही वरची पन्हळ कितीही स्वच्छ केलीत तरी वरचा सगळा पाला खालच्या वळणात जाऊन बसतो आणि ऐन आषाढात पाइप गच्च होतो. खालची वाट मोकळी असेल, तर वरचं निम्मं काम आपोआप सुटतं. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे. कामं करायची वेळ म्हणाल तर वळवाचे एकदोन पाऊस होऊन गेल्यावर, मृग लागायच्या आत. वळवाच्या वाऱ्यानं झाडांचा बराचसा पाला पडून गेलेला असतो, आणि कमकुवत जागा कुठं आहेत हे त्या पावसानं दाखवूनही दिलेलं असतं.

आधी थोडा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. तुमचं छत १,००० चौरस फूट असेल तर ते झालं साधारण ९३ चौरस मीटर. एका तासात ५० मिलिमीटरचा जोरदार पाऊस झाला, तर त्या छतावरून ४,६०० लिटरच्या वर पाणी खाली यायला हवं. मिनिटाला सत्त्याहत्तर लिटर. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला जोरदार म्हणतं आणि २०४.४ च्या पुढे गेला की अत्यंत जोरदार. पण घराच्या दृष्टीनं दिवसभराच्या आकड्यापेक्षा पाऊण तासाची सर जास्त घातक असते. दिवसभर रिपरिप पडलेला १०० मिलिमीटर पाऊस तुमचा पाइप निवांत वाहून नेतो, तोच पाऊस तासाभरात पडला तर पन्हळ भरून वाहते.

म्हणून पाइप किती हवेत हे वर्षाच्या पावसावरून ठरवू नका. तासाला १०० मिलिमीटरचा जोर धरला, तर चार इंची एका उभ्या पाइपला साधारण ४५० चौरस फूट छत झेपतं. तीन इंची पाइपला त्याच्या निम्म्याहूनही कमी. १,००० चौरस फुटांच्या गच्चीला चार इंची दोन पाइप थोडे कमीच पडतात, तीन हवेत. बाजूच्या जिन्याच्या खोलीचं किंवा पाण्याच्या टाकीवरच्या शेडचं पाणीही याच गच्चीवर पडत असेल तर तेही क्षेत्रफळ धरा, लोक हे हमखास विसरतात. आणि एक लक्षात घ्या, २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तिकडं किंवा कासच्या रस्त्याला, पाटण-जावळीच्या पश्चिम भागात घर असेल तर हिशेब सढळ हातानंच करावा.

पहिलं काम : पाइप कुठं संपतो ते बघा

घराभोवती एक फेरी मारा आणि छताकडून येणारा प्रत्येक पाइप जमिनीपाशी कुठं जातो ते शोधा. बऱ्याच घरांत पाइप भिंतीलगत खाली येतो आणि जोत्याच्या कडेलाच थांबतो. सगळं पाणी पायाशी ओतलं जातं. मुरमाच्या जमिनीत ते निदान जिरून पुढं जातं, पण कऱ्हाड-सांगलीकडच्या काळ्या मातीत ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन-चार वर्षांत भिंतीला तिरप्या चिरा दिसायला लागतात. पाणी पायापासून किमान पाच-सहा फूट लांब सोडा. घराभोवती कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, केलेला असेल तर त्याचा उतार घराकडून बाहेर जातोय ना ते पाहा. पाच फुटांत तीन इंच इतका उतार असावा. बादलीभर पाणी जोत्यापाशी ओता. ते बाहेर पळालं तर ठीक, घुटमळत राहिलं किंवा भिंतीकडे आलं तर कोबा दुरुस्त करणं हे तुमच्या यादीतलं पहिलं काम.

दुसरी चूक जास्त महागात पडते. छताचं पाणी संडासाच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडलेलं असतं. जुन्या घरांत हे फार दिसतं, कारण त्यावेळी जो पाइप जवळ होता त्यात जोडून दिलं. मुसळधार पावसात टाकीत एकदम हजारो लिटर पाणी शिरतं, तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो, शोषखड्डा कायमचा बुजतो आणि घाण पाणी उलटं बाथरूममध्ये येतं. तसा जोड दिसला तर पावसाळ्याआधी तो तोडून घ्या. खर्च वाचवायचाच असेल तर दुसऱ्या एखाद्या कामात वाचवा.

प्लंबरला विचारलंत की, "दादा, हा पाइप पुढं कुठं जातो?" आणि उत्तर आलं, "गटारीत सोडलाय की, साहेब," तर तेवढ्यावर थांबू नका. वर बादली ओतायला सांगा आणि गटाराशी उभं राहून पाणी खरंच येतंय का ते डोळ्यांनी बघा. जमिनीखालचा आडवा पाइप कुणाच्या तरी टेम्पोखाली दबून फुटलेला असतो, आणि वर्षानुवर्षं ते पाणी अंगणाखालीच मुरत असतं.

रस्त्यालगतचं गटार हे या वाटेचं शेवटचं टोक. गाडी आत घेण्यासाठी त्यावर आपण स्लॅब टाकतो आणि खाली एक सहा इंची पाइप ठेवतो. आख्ख्या गल्लीचं पाणी त्या सहा इंचांतून जाऊ शकत नाही. वरच्या बाजूला पिशव्या, बाटल्या, नारळाच्या करवंट्या अडकतात आणि पाणी तुमच्याच फाटकातून आत वळतं. गटाराची मूळ रुंदी तशीच ठेवून वर उचलता येणारी लोखंडी जाळी बसवा. दोन माणसांना उचलता येईल एवढीच वजनाची, म्हणजे दर पावसाळ्यात खालचा गाळ काढता येईल. काढलेला गाळ काठावर ठेवू नका, पहिल्या सरीत तो परत आत जातो.

शेजाऱ्याच्या आवारात आपलं पाणी पडत असेल तर ते आत्ताच बोलून मिटवा. "काकू, आमच्या शेडचं पाणी तुमच्या भिंतीवर येतंय का, जरा सांगाल का?" एवढं विचारलं तरी पुढचं बरंच टळतं. नव्यानं राहायला आलेल्याची ओळख पाण्याच्या भांडणातून होऊ नये.

सांगलीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची आहे. तिथं पाऊस साताऱ्यापेक्षा कमी, पण वरचा सगळा पाऊस कृष्णा घेऊन येते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नदी चढली की नाले उलटे भरतात आणि गटारातलं पाणी पाइपातून मागं घराकडे येतं. नदीकाठच्या सखल भागात घर असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपला पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवा, आणि छताचा पाइप जमिनीखालून न नेता उघड्यावर सोडा.

दुसरं काम : उभा पाइप

खालचं तोंड मोकळं झालं की पाइप तपासायचा. वीस लिटरची बादली वरच्या तोंडात एकदम ओता. खाली दोन-तीन सेकंदांत धो धो पाणी आलं पाहिजे आणि तितक्याच लवकर थांबलं पाहिजे. वर पाणी तुंबलं किंवा खाली बारीक धार बराच वेळ येत राहिली, तर आत काहीतरी अडकलेलं आहे. पाइपवर बोटांनी ठोकत खाली या. मोकळ्या भागाचा आवाज पोकळ येतो, भरलेल्या भागाचा दबका. बहुतेक वेळा अडचण सगळ्यात खालच्या वळणात असते. तिथं काय काय सापडतं? कुजलेला पाला, कुंड्यांतली माती, पारव्यांच्या घरट्याच्या काड्या आणि रबरी चेंडू. गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलं असतील तर चेंडू नक्की सापडेल.

वरून बांबू किंवा सळई ढोसू नका, त्यानं बोळा आणखी घट्ट बसतो. खालचं वळण सोडवा आणि खालून वर बागेच्या नळीनं पाणी मारा. ॲसिड ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ॲसिडनं पाला विरघळत नाही, रबरी रिंग मात्र जाते आणि खालचा सिमेंटचा चेंबर खराब होतो. पाइप काढलाच आहे, तर परत बसवताना तळाशी काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशाचे दोन बेंड लावा, किंवा दुकानात डोअर बेंड मागा. त्याला स्क्रूचं दार असतं, पुढच्या वेळी पाइप न काढताच हात घालता येतो. थोडे पैसे जास्त जातात, पण या सगळ्या खर्चात सगळ्यात वसूल होणारी वस्तू हीच.

जोडताना पाइपचं रुंद तोंड नेहमी वरच्या बाजूला. उलटं बसवलेलं असलं की प्रत्येक जोडातून भिंतीवर पाणी उतरतं आणि आपल्याला वाटतं भिंतच गळते. पाच-सहा फुटांवर एक क्लॅम्प हवा. पश्चिमेच्या वाऱ्यात सैल पाइप रात्रभर भिंतीवर आपटतो. नवं घर बांधत असाल तर पावसाचा पाइप भिंतीत किंवा कॉलममध्ये गाडू नका. इंजिनिअर देखाव्यासाठी सुचवतील, तरी नको म्हणा. बाहेरून दिसणारा पाइप दुरुस्त करता येतो.

तिसरं काम : पत्रा आणि पन्हळ

आता वर. पण वर जाण्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. दर पावसाळ्यात छतावरून पडून माणसं जायबंदी होतात, काही जीवानिशी जातात. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही पाय ठेवू नका. तो वरून दगडासारखा दिसतो आणि पायाखाली बिस्किटासारखा तुटतो. लोखंडी पत्र्यावर जायचंच असेल तर बोल्टच्या ओळीवरून, म्हणजे खाली आडवी पट्टी आहे तिथूनच चाला. शिडीचा पाय चार फूट उंचीला एक फूट भिंतीपासून लांब, या हिशेबानं लावा, खाली एक माणूस ती धरून उभा हवा. खांबावरून घरात येणारी विजेची वायर पन्हळीजवळून जाते का ते आधी बघा. लोखंडी शिडी किंवा ओला बांबू तिला लागता कामा नये. पाऊस पडत असताना, पत्रा ओला असताना, ढग गडगडत असताना वर जायचंच नाही. साठी ओलांडलेल्यांनी तर मुळीच नाही, गल्लीतल्या एखाद्या तरण्या पोराला हाक मारा.

पन्हळ साफ करताना आधी पाइपच्या तोंडात फडक्याचा बोळा ठेवा. मग खुरपीनं पाला-माती गोळा करून दोरीला बांधलेल्या बादलीत भरा आणि खाली सोडा. पाण्यानं ढकलायचा मोह होतो, पण मग दुसरं काम परत करावं लागतं. माती निघाली की बोळा काढा आणि पाणी सोडा. आता थांबून नीट बघा. पाणी तोंडाकडे पळतंय की मधेच साचतंय?

पन्हळीला ढाळ हवा. दहा फुटांना अर्धा इंच पुरतो. त्याहून जास्त दिला तर एक टोक पत्र्यापासून खूप खाली जातं आणि वाऱ्यात पाणी पन्हळीच्या बाहेर पडतं. ढाळ बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा, कुठल्याही गवंड्याकडे असते. लांबी तीस फुटांच्या वर असेल तर एका टोकाला पाइप देण्यापेक्षा मधला भाग उंच ठेवून दोन्ही टोकांना पाइप द्या. हुक दर दोन फुटांवर हवेत. साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याला किंवा यवतेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांना वानरांचा उपद्रव माहीत असेल. ती पत्र्यावरून पन्हळीवर उडी मारतात आणि हुक वाकतात. तिथं हुकाची पट्टी जाड घ्या आणि हुक दीड फुटावर लावा.

पत्रा पन्हळीत किती आला आहे, हेही बघा. साधारण दोन इंच आत हवा. कमी असेल तर पाणी पत्र्याच्या खालून मागं वळून भिंतीवर येतं, जास्त असेल तर मोठ्या सरीत ते पन्हळ ओलांडून थेट अंगणात पडतं. आणि ज्या गोष्टीकडे कारागीर बहुधा लक्ष देत नाहीत ती ही : पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली असावी. मग पन्हळ भरून वाहिलीच तर पाणी बाहेर पडतं. उलट असेल तर तेच पाणी भिंतीवर, तिथून खिडकीच्या चौकटीत, तिथून विजेच्या बोर्डात जातं. नवी पन्हळ करून घेताना फॅब्रिकेटरला हे मुद्दाम सांगा आणि रुंदी सहा इंचांपेक्षा कमी नको म्हणा.

जोड गळत असेल तर तो पूर्ण वाळवा, तारेच्या ब्रशनं गंज आणि जुनं सिलिकॉन खरवडून काढा, मगच नवं लावा. ओल्या जोडावर लावलेलं काहीही टिकत नाही. एम-सील कडक होतं आणि पत्रा उन्हात ताणला की तडकतं, म्हणून लांब जोडाला लवचीक सिलिकॉन किंवा डांबरी पट्टी बरी. पत्र्याचे बोल्ट खोलगट भागात न मारता उंचवट्यावर मारलेले हवेत, आणि रबरी वॉशर कडक झाले असतील तर सगळे बदला. वॉशर किरकोळ किमतीत मिळतात. शेड जिथं घराच्या भिंतीला टेकते तिथं भिंतीत खाच मारून पट्टी बसवलेली आहे का बघा. नुसतं सिमेंट लिंपलेलं असेल तर ते दर उन्हाळ्यात सुटतं, आणि आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. महाबळेश्वर-पाचगणीकडं पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या झडी बांधतात, त्या याच आडव्या पावसासाठी. शहरात तेवढी गरज नाही, पण पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा पुरेसा आहे ना, हे पाहायला हवं.

कौलारू घर असेल तर फुटकी कौलं बदला, सरकलेली नीट लावा आणि दोन छपरं जिथं मिळतात त्या कोनातली पन्हळ हातानं साफ करा. कौलाच्या घराची निम्म्याहून जास्त गळती त्या कोनातच असते.

गच्ची

आरसीसी स्लॅबवर पाणी साचलं की लोक थेट वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवतात. त्याआधी गच्चीवर पाणी ओतून ते तोंडाकडे जातं का हे बघा. कोब्याचा ढाळ शंभराला एक हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. पाइपच्या तोंडाजवळ थोडा खळगा असावा. कित्येक ठिकाणी तोंडच कोब्यापेक्षा वर असतं, कारण नंतर कोणीतरी टाइल्स बसवताना तिथली पातळी पाहिलेलीच नसते.

तोंडावर सपाट जाळी असेल तर ती काढून घुमटाकार जाळी लावा. सपाट जाळीवर अशोकाची किंवा आंब्याची चार पानं आडवी पडली की झाकण बसतं. घुमटाच्या बाजूनं पाणी जात राहतं. जाळीच नको म्हणून काढून टाकणारेही आहेत, त्यांना मग पाइपातून चेंडू काढावा लागतो. कुंड्या पाइपपासून लांब ठेवा, कारण दर सरीत त्यातली माती वाहते.

आता खरी महत्त्वाची जागा. पाइप जिथं स्लॅबमधून बाहेर पडतो, तिथं प्लास्टिक आणि सिमेंट एकमेकांना कधीच घट्ट धरत नाहीत. भोवती केसाएवढी फट पडते आणि पाणी पाइपच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरतं. खालच्या खोलीत कोपऱ्यात किंवा बीमजवळ ओल दिसते आणि सगळे म्हणतात स्लॅब गळतो. पूर्ण गच्चीवर रसायन मारण्याआधी पाइपभोवती एक इंच खोल खाच मारून न आकसणारा ग्राउट, म्हणजे फट बुजवायचा सिमेंटचा मसाला, भरून घ्या आणि एक पावसाळा बघा. अनेकदा तेवढ्यानं भागतं. सोलरच्या आणि डिश अँटेनाच्या पायांसाठी पाडलेली भोकंही अशीच तपासा. कठड्याच्या सांध्यात पिंपळ किंवा उंबराचं रोप उगवलं असेल तर नुसतं उपटू नका, मुळासकट खाच काढून भरा.

कठड्याला, कोब्यापासून तीन इंच वर, एक जादा भोक ठेवा आणि त्यातून बाहेर एक छोटा पाइप काढा. एरवी त्यातून काही येणार नाही. पण मुख्य तोंड बुजलं तर पाणी तिथून बाहेर पडायला लागेल आणि खाली उभ्या माणसाला लगेच कळेल. हे भोक नसेल आणि १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर दहा सेंटिमीटर पाणी साचलं, तर स्लॅबवर नऊ टनांहून अधिक वजन येतं. जुन्या घराला ते सोसेलच असं नाही.

डोंगराच्या उतारावर घर असेल तर

शाहूनगरसारख्या अजिंक्यताऱ्याच्या कुशीतल्या वस्तीत घर असेल, तर छतापेक्षा मागच्या डोंगराचं पाणी जास्त. मागच्या संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं असतात, ती माती आणि गवतानं बुजतात. सळई घालून प्रत्येक भोक मोकळं करा. भिंतीमागं पाणी कोंडलं की भिंतीला पोट येतं. भिंतीच्या वरच्या अंगाला एक चर खोदा आणि ते पाणी घराच्या बाजूनं वळवून गटाराकडे न्या, छताचं पाणी मात्र त्या उतारावर सोडू नका. मागच्या जमिनीला नवी भेग दिसली, झाडं किंवा विजेचा खांब कलला, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर पन्हळीचा विचार सोडा आणि माणसं घेऊन बाहेर पडा. २०२१ च्या त्याच जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तो घरात सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

रात्री पाणी आत आलं तर

दिव्याच्या होल्डरमधून किंवा पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकत असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातला खटका, बंद करा, मग बाकीचं. छताला ओलीचा फुगा आला असेल तर खाली बादली ठेवून मधोमध बारीक भोक पाडा. पाणी एका धारेनं बादलीत येईल, नाहीतर गिलाव्याचा पापुद्रा पसरत जातो. भिंतीवरून ओघळ येत असेल तर सुतळीचं एक टोक ओघळाच्या सुरुवातीला चिकटपट्टीनं लावा, दुसरं बादलीत सोडा. पाणी सुतळीवरून येतं.

गच्चीवर तळं झालं असेल, जिना आतून असेल आणि विजा नसतील, तरच वर जा. लांब काठीनं पाइपच्या तोंडाभोवतीचा पाला बाजूला करा. हात घालू नका, पाणी खेचतं आणि आत काच असू शकते. शेडच्या पत्र्यावर तर रात्री कुणीही जायचं नाही. भिजलेलं सामान सकाळी वाळवता येतं.

पाऊस उघडला की दोन गोष्टी करा. आडव्या पावसात कुठून पाणी आलं त्याचे फोटो काढून ठेवा. आणि पन्हळीत, जाळीत, शेडवर पडलेल्या टायरमध्ये पाणी साचून राहिलं असेल तर ते काढा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात.

मधली सफाई आणि कारागीर

मे महिन्यात एकदा साफ केलं की चार महिने बघायचं नाही, असं इथं चालत नाही. बेंदराच्या आसपास, तरणा (पुनर्वसू) आणि म्हातारा (पुष्य) पाऊस यांच्या मधे, एखादा दिवस उघडीप मिळतेच. त्या दिवशी जाळी आणि खालचं वळण पुन्हा बघा. जवळ मोठं झाड असेल तर गौरी-गणपतीच्या आधी आणखी एकदा, कारण घर पाहुण्यांनी भरलेलं असताना गळती लागली तर फार त्रास होतो.

कारागीर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत, त्यामुळं एप्रिलमध्येच सांगून ठेवा. काम ठरवताना पन्हळीची रुंदी, पत्र्याची जाडी, हुकांमधलं अंतर आणि पाइपची संख्या कागदावर लिहून घ्या. थोडे पैसे राखून ठेवा आणि काम झाल्यावर त्याच्यासमोर टाकीच्या नळीनं पंधरा मिनिटं पाणी सोडून दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री याला हरकत घेत नाही, उलट स्वतःच म्हणतो, "चला, पाणी सोडून बघू."

विहीर किंवा बोअर असेल तर छताचं पाणी तिथं सोडायला हरकत नाही, उन्हाळ्यात त्याचा उपयोगच होईल. फक्त पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्या, कारण त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. नंतरचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून आत न्या.

दसऱ्यानंतर

हस्ताचा पाऊस संपेपर्यंत कायमची दुरुस्ती काढू नका. गच्चीवरचं कुठलंही रसायन पूर्ण कोरड्या कोब्यावरच धरतं, त्याला दिवाळीनंतरचे कोरडे महिने बरे. पण भिंतीवर ओल असेपर्यंत एक काम उरकून घ्या. ओलीच्या डागाच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या मोठ्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला तर दुसरी रेघ, दुसरी तारीख. डिसेंबरात भिंत वाळून पांढरी पडलेली असते आणि मिस्त्री विचारतो, "नक्की कुठनं येतंय, साहेब?" तेव्हा त्याला या रेघा दाखवा. सगळ्यात वरच्या रेघेच्या सरळ वर, गच्चीवर, त्यानं पहिली खाच मारायची.